रोजची रोजरी की मोकळा रविवार?

वसईतल्या आमच्या घरी देवासाठी म्हणून काय काय चाललंय, ते चार वर्षांपूर्वी मी एकदा कागदावर लिहून काढलं. रविवारची मिस्सा म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मुलांचा धर्मशिक्षण वर्ग, नवऱ्याचं गायनमंडळ, माझी महिला मंडळाची बैठक, आळीतल्या ख्रिस्ती समूहाची सभा, सणांआधीच्या नोव्हेना म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थना आणि रोज रात्रीची रोजरी, म्हणजे मरियेची जपमाळ. रोजरी आठवड्यातून जेमतेम दोनदा पूर्ण व्हायची. एवढं सगळं होतं, पण आम्ही चौघं एका जागी बसलोय आणि कुणालाही कुठे पळायचं नाहीये, असा अर्धा तास काही सापडला नाही. तेव्हा ठरवलं, एक गोष्ट धरायची आणि घर तिच्याभोवती लावायचं. आम्ही आधी रोजची रोजरी धरून पाहिली, नंतर मोकळा रविवार. तुमच्याही घरात हाच विचार चालू असेल, तर आमचा अनुभव उपयोगी पडेल.

रोजरीला तयारी लागत नाही, ही तिची मोठी बाजू. पाच रहस्यं (येशू आणि मरियेच्या जीवनातले प्रसंग, प्रत्येकाला दहा मणी), 53 वेळा ‘नमो मरिया’ ही छोटी प्रार्थना, 6 वेळा प्रभूची प्रार्थना, घाई न करता साधारण वीस मिनिटं. शेवटी लितानी, म्हणजे मरियेच्या नावांची विनवणी, म्हटली तर थोडी जास्त. चार वर्षांचं मूल प्रत्येक नमो मरियाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाला सूर लावतं आणि अक्षरओळख नसलेली आजी पुढाकार घेते. वारही ठरलेले: सोमवार-शनिवार आनंदाची रहस्यं, मंगळवार-शुक्रवार दुःखाची, बुधवार-रविवार गौरवाची आणि गुरुवारी प्रकाशाची, जी पोप दुसरे जॉन पॉल यांनी 2002 साली जोडली. वर्षभरात येशूचं सगळं जीवन मुलांच्या कानावरून इतक्या वेळा जातं की वेगळं शिकवावं लागत नाही. याला तोड नाही, असं मी आजही म्हणेन.

अडचण वेळेची आहे. माझ्या सासूबाईंच्या काळी दिवेलागणीला चर्चची घंटा व्हायची, तेव्हा वाडीतली माणसं घरी परतलेली असायची. केळी आणि पानवेलीत अंधार पडल्यावर काम नसतं. रोजरी त्या दिवसात आपसूक बसायची. आता त्याच घंटेच्या वेळी घरातला बाप लोकलमध्ये लटकलेला असतो. चर्चगेट ते विरार साठ किलोमीटर. आमच्याकडे सातची रोजरी आठवर गेली, मग साडेनऊवर. तिसऱ्या रहस्यापाशी धाकटी पेंगायची, मोठा मणी मोजायचं सोडून भिंतीकडे बघत बसायचा आणि मी दोघांवर ओरडायचे. एका रात्री त्याने विचारलं, "आज रोजरी नको ना? तू रागावतेस." त्याच्या मनात प्रार्थना आणि माझा चढलेला आवाज एकाच जागी जाऊन बसले होते. मला ते फार लागलं.

म्हणून रविवारकडे वळलो. शनिवारी रात्रीपर्यंत स्वयंपाकाची निम्मी तयारी, रविवारी सकाळी मिस्सा आणि वर्ग, त्यानंतर दिवसभर कुठेही जायचं नाही. ट्यूशन नाही, बैठका नाहीत, खरेदी नाही. जेवण सावकाश. दुपारी त्या दिवशीच्या शुभवर्तमानाचा उतारा परत वाचायचा आणि प्रत्येकाने त्यावर एक वाक्य बोलायचं. मुलांसाठी आम्ही फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं सुबोध बायबल घेतलं, कारण जुन्या भाषांतरात ती अडखळायची. पहिल्याच महिन्यात मोठा शाळेतलं असं काही बोलला, जे तो रात्री पेंगत कधीच बोलला नसता.

रोजरीला रोजची मिनिटं द्यावी लागतात, रविवारला नकार द्यावे लागतात. मामेसासऱ्यांचं बोलावणं, बारशाचं जेवण, सोसायटीची मीटिंग. लग्नांचं तर विचारूच नका. नाताळआधीचा आगमनकाळ आणि ईस्टरआधीचा उपवासकाळ यांत लग्नं नसतात, त्यामुळे ती सगळी जानेवारीत आणि ईस्टरनंतर मेपर्यंत दाटीवाटीने येतात. हे महिने रविवार सुरू करायला घेऊ नका. शाळा उघडल्यावर, पावसाळ्यात सुरू करा. नर्स, पोलीस किंवा हॉटेलात काम करणारं कुणी घरात असेल, तर रविवार त्यांच्या हातात नसतो. शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारसाठी चालते, पण मोकळा दिवस त्याने मिळत नाही. आणि आम्हाला सगळ्यात जड गेलं ते हे: तिसऱ्या महिन्यात लक्षात आलं की सोमवार ते शनिवार घरात प्रार्थनाच उरली नव्हती.

बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवाची वचनं मुलांना केव्हा सांगायची ते आलंय: घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना. तिथे वेगळा तास काढा असं म्हटलेलं नाही. यातून आम्हाला मधली वाट सुचली. रात्री जेवणाआधी, ताटं वाढलेली असताना, फक्त एक रहस्य. चार-पाच मिनिटं. मूल शाळेला निघताना दारात त्याच्या कपाळावर क्रूस. नगरकडच्या आमच्या प्रॉटेस्टंट मित्रांकडे रोज एक छोटा उतारा आणि एक गीत असतं, तेही इतक्याच वेळात. ज्यांना गाता येतं त्यांनी ते घ्यावं. मोबाइलवर रोजरी लावून ठेवणं मात्र कुटुंबासाठी मला पटत नाही. अंथरुणावरच्या एकट्या माणसाला तो मोठा आधार आहे, पण चार माणसं बसलेली असताना मुलं नुसती ऐकणारी होतात.

आता निवड. घरात आजी-आजोबा आहेत आणि कमावती माणसं साडेसातच्या आत परततात, तर पूर्ण रोजरी धरा आणि कशासाठीही सोडू नका. दोघंही लोकलने जातायेतात आणि मुलं प्राथमिक शाळेत आहेत, तर रोज एक रहस्य आणि मोकळा रविवार. मुलं दहावी-बारावीत असतील तर रविवार आधी, आणि उतारा त्यांनाच निवडू द्या. शिफ्टच्या घराने एका रहस्यावर भर द्यावा, ते पहाटे सहालाही म्हणता येतं.

पण यातलं काहीही निवडलं तरी यादीतलं काही खोडावंच लागेल, आणि ते बहुतेक चर्चचंच असेल. मी महिला मंडळ दोन वर्षांसाठी सोडलं. फादरांना सांगताना घसा दाटून आला, अपराधी वाटलं. बायबलमधली, येशू घरी आल्यावर पाहुणचारात गुंतलेली मार्था आठवत राहिली. तीही प्रभूसाठीच राबत होती, आणि तरी त्याने तिला थांबवलं.

आता आमच्याकडे आठला दहा मिनिटं कमी असताना जे घरी असतील ते टेबलाशी बसतात. नवऱ्याकडे दहा मण्यांची अंगठी आहे. उशीर झाला तर तो भाईंदरची खाडी ओलांडताना गाडीतच त्याचं रहस्य म्हणतो, आणि इकडे धाकटी त्याच्या रिकाम्या ताटासमोर त्याच्या वाटणीची शेवटची नमो मरिया म्हणते.