टाटूस एफ४-टी०१४ : कार्टिंगनंतरची पहिली गाडी म्हणून कशी आहे?

माझा मुलगा सहा वर्षे कार्टिंग (छोट्या, उघड्या कार्ट गाड्यांच्या शर्यती) करून यंदा सोळा वर्षांचा झाला आणि फॉर्म्युला गाडीत, म्हणजे उघड्या चाकांच्या एकआसनी शर्यतीच्या गाडीत, बसण्याचा त्याचा हट्ट आता पुढे ढकलण्यासारखा राहिला नाही. आम्ही दुबईत राहतो, त्यामुळे दुबई ऑटोड्रोम या शर्यतीच्या ट्रॅकवर दोन दिवसांच्या सरावासाठी एका संघाकडून टाटूस एफ४-टी०१४ ही गाडी भाड्याने घेतली. मी व्यवसायाने यंत्र अभियंता असल्यामुळे दोन्ही दिवस पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या तयार करतात तिथे, उभा राहून ती नीट पाहता आली. मुलांसाठी असा विचार करणारी इथली आणि भारतातली बरीच मराठी कुटुंबे परिचयाची आहेत, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

टाटूस ही मोंझाजवळच्या कोंकोरेत्सो गावातली इटालियन कंपनी. २०१४ साली इटलीत एफ४ (फॉर्म्युला फोर, कार्टिंगनंतरच्या पहिल्या पातळीची शर्यत) मालिका सुरू झाली ती याच गाडीवर, आणि तिचा पहिला विजेता लान्स स्ट्रोल तीनच वर्षांत फॉर्म्युला वनमध्ये दाखल झाला. अमिरातीतली एफ४ मालिकाही २०१६ साली याच गाडीने सुरू झाली. तिच्या पहिल्या हंगामात पुढे फॉर्म्युला वनमध्ये पोचलेला ऑस्कर पिआस्त्री धावला होता, हे कळल्यावर माझ्या मुलाने गाडीकडे ज्या नजरेने पाहिले ती मी विसरणार नाही. मुंबईच्या जेहान दारूवालाने २०१७ साली न्यूझीलंड ग्रां प्री जिंकली ती गाडीही टाटूसचीच होती, मात्र ते मॉडेल वेगळे.

गाडीचा सांगाडा कार्बन फायबरचा आहे. इंजिन अबार्थचे, १.४ लिटरचे, टर्बो असलेले आणि सुमारे १६० अश्वशक्तीचे आहे. रस्त्यावरच्या मोटारीच्या तुलनेत हा आकडा मोठा वाटत नाही, परंतु चालकासह गाडीचे वजन जेमतेम ५७० किलोच्या आसपास असल्यामुळे सरळ पट्ट्यावर ती कशी झेपावते हे पाहूनच कळते. सादेव कंपनीचा सहा गिअरचा सिक्वेन्शियल (गिअर एकेक करून क्रमानेच बदलणारा) गिअरबॉक्स स्टिअरिंगमागच्या पॅडलने चालतो आणि त्याची सवय मुलांना तासाभरात होते.

सवय होत नाही ती ब्रेकची. साध्या कार्टमध्ये ब्रेक फक्त मागच्या अॅक्सलवर असतो आणि सस्पेन्शन नसतेच. इथे ब्रेक चारही चाकांना आहे, त्याला सर्व्होची (पायाचा जोर वाढवणाऱ्या यंत्रणेची) मदत नाही आणि एबीएसही (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही, म्हणून पाय अक्षरशः ताकदीने रोवावा लागतो. त्यातही खुबी अशी की वेग जास्त असताना पुढच्या-मागच्या पंखांमुळे गाडी जमिनीवर घट्ट दाबलेली असते, तेव्हा पहिला दाब पूर्ण द्यायचा. वेग उतरू लागला की पंखांचा तो दाब झपाट्याने कमी होतो, आणि त्या हिशेबाने पायही हळूहळू उचलत आणायचा. माझा मुलगा पहिल्या दिवशी नेमके उलट करत होता : सुरुवातीला चाचपडत दाबायचा आणि वळणाच्या तोंडाशी घाबरून जोर लावायचा. परिणामी पुढचे डावे चाक जाम व्हायचे आणि त्यातून निळसर धूर निघायचा. चाके उघडी असल्यामुळे तो धूर त्याला स्वतःच्या डोळ्यांनी, हातभर अंतरावर दिसत होता. बंद मोटारीत ही चूक प्रशिक्षकाला सांगावी लागली असती. दुसऱ्या दिवशी दुपारी ब्रेकच्या दाबाचा आलेख संगणकावर पाहताना तो आपणहून म्हणाला, "बाबा, हा बघा, आता डोंगर आधी आणि उतार नंतर आहे." शिकवणारी गाडी म्हणून टी०१४ ची याहून मोठी शिफारस माझ्याकडे नाही.

आसनाबद्दल आवर्जून सांगायला हवे. पहिल्या सकाळी कॉकपिटमध्ये प्लास्टिकची पिशवी ठेवून तिच्यात फेस होणारे दोन द्रव ओतले आणि मुलाला वर बसवले. तो फेस गरम होत फुगतो, पाठीच्या नि कमरेच्या आकारात घट्ट बसतो, आणि तोवर तसूभरही हलायचे नसते. हे काम घाईत उरकू देऊ नका. आसन सैल राहिले तर मूल स्टिअरिंगला लटकून वळणे घेते आणि दहा फेऱ्यांत त्याचे खांदे भरून येतात.

आता उणी बाजू. या गाडीला हेलो, म्हणजे चालकाच्या डोक्याभोवतीची संरक्षक कमान, नाही. २०२२ पासून इटलीत आणि अमिरातीत तिच्या जागी आलेल्या टी-४२१ मध्ये ती आहे. एकट्याने किंवा मोजक्या गाड्यांबरोबर सराव करण्यासाठी टी०१४ मला मान्य आहे, पण वीस गाड्यांच्या गर्दीत शर्यतीसाठी मी माझ्या मुलाला तिच्यात बसवणार नाही, भाडे कितीही कमी असले तरी.

खर्चाचा त्रास झाला तो गाडीमुळे नव्हे, भाड्याने देणाऱ्यांमुळे. मुलगा एकदा कर्बवरून, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावरून, गेला आणि पुढच्या पंखाची एका कडेची उभी पट्टी तुटली, तर हाती बिल आले संपूर्ण पुढच्या पंखाचे. वाद घालून ते कमी करून घेतले, पण करारात सुट्या भागांचे दर आधी लिहून घेतले असते तर तो वाद टळला असता.

जानेवारीत आणखी दोन दिवस याच गाडीवर ठरवले आहेत, दुसऱ्या संघाकडून. फेसाचे ते आसन आम्ही घरी घेऊन आलो आहोत. नव्या संघाची गाडी त्याच मॉडेलची असल्यामुळे ते तिच्यात बसायला हवे, आणि दरपत्रक या वेळी मी आधीच मागवले आहे.