आयबीडीच्या रुग्णांसाठी आहारसल्ला : रत्नागिरीतील एका सेवेचा अनुभव

रत्नागिरीतील एका खासगी पोटविकार दवाखान्यात आतड्यांच्या दाहक आजाराच्या, म्हणजे आयबीडीच्या, रुग्णांना आहारतज्ज्ञांचा स्वतंत्र सल्ला मिळतो. माझ्या धाकट्या भावाला क्रोन्स आजार असल्याने गेले काही महिने आम्ही ही सेवा घेत आहोत. क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस, हे आयबीडीचे दोन मुख्य प्रकार, असलेल्या घरांत जेवणाचा प्रश्न रोजचाच असतो, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

या सेवेची सर्वांत मोठी जमेची बाजू अशी की इथे पथ्य सांगण्याआधी कुपोषणाचा धोका मोजतात. भावाची उंची 170 सेंटीमीटर. पाच महिन्यांत त्याचे वजन 58 किलोवरून 51 वर आले होते. आहारतज्ज्ञ मॅडमनी तिथल्या तिथे हिशेब मांडला. बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, साडेअठराच्या खाली गेल्याबद्दल 2 गुण, प्रयत्न न करता दहा टक्क्यांहून अधिक वजन उतरल्याबद्दल 2 गुण. आणि या 'मस्ट' नावाच्या चाचणीत 2 गुणांपासूनच धोका मोठा मानला जातो. त्यानंतर त्यांनी त्याला एक मूठ दाबायचे उपकरण दिले आणि पंज्यातील ताकद मोजली, कारण स्नायू झिजले तरी वजनाच्या काट्यावर ते नेहमीच दिसते असे नाही, विशेषतः स्टेरॉइडमुळे अंगावर सूज असताना.

आपल्याकडे पोट बिघडले की माणूस पेजेवर येतो, आणि दोन-चार दिवसांसाठी ते योग्यच आहे. परंतु आयबीडीचा रुग्ण आठवडेच्या आठवडे पेज आणि मऊभातावर राहतो, दूध सोडतो, मासे सोडतो, डाळ सोडतो, आणि सोडलेल्या पदार्थांच्या जागी काहीच येत नाही. आजार ऐन भरात असताना शरीराला दर किलो वजनामागे दिवसाला 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे भावाच्या बाबतीत साधारण 60 ते 75 ग्रॅम. एका अंड्यातून त्यांतील जेमतेम 6 ग्रॅम मिळतात. मॅडम आईला म्हणाल्या, "काकू, पेज बंद करू नका. पण पेजेसोबत त्याच्या पोटात आणखी काय जाते, ते मला रोज लिहून हवे आहे." आईला हे मनापासून पटले, कारण तिच्या हातचे काही काढून न घेता त्यात भर घालण्याचे काम तिला मिळाले होते.

भावाच्या लहान आतड्याचा शेवटचा भाग अरुंद झाला आहे. अशा ठिकाणी चोथा अडकू शकतो, म्हणून फणस, शेवग्याच्या शेंगा, साली आणि बिया तूर्त वर्ज्य. मात्र ज्यांचे आतडे अरुंद नाही त्यांनी हे सरसकट वर्ज्य करू नये, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. खोवलेल्या ओल्या नारळाऐवजी गाळलेले नारळाचे दूध, मोड आलेल्या कुळथाच्या उसळीऐवजी पातळ पिठी, तळलेल्या तुकडीऐवजी काटे काढलेला उकडलेला मासा आणि तिखट बेताचे, असा बदल त्यांनी घरच्याच स्वयंपाकात बसवून दिला. बांगड्यातून प्रथिनांबरोबर बी-12 मिळते, पण हे जीवनसत्त्व ज्या भागात शोषले जाते तोच भाग आजारी असल्याने केवळ आहारावर विसंबता येत नाही. त्याची तपासणी करून डॉक्टरांनी इंजेक्शन सुरू केले.

रक्ताच्या अहवालांबाबतही त्या बारकाईने बोलतात. शरीरात दाह चालू असताना फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारा घटक, वाढलेले दिसते, त्यामुळे अहवालात ते नेहमीच्या मर्यादेत असले तरी लोहाची कमतरता असू शकते. अल्ब्युमिन हे रक्तातील प्रथिन कमी आले की घरचे लोक खाण्याला दोष देतात. प्रत्यक्षात ते दाहामुळेही उतरते. स्टेरॉइड घेणाऱ्यांना कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व, सल्फासालाझिन हे आयबीडीवरचे औषध घेणाऱ्यांना फॉलिक आम्ल, ही सांगड त्यांनी आपणहून डॉक्टरांशी बोलून घातली. याआधी दुसऱ्या शहरातील एका रुग्णालयात आम्हाला "हलके खा" या दोन शब्दांवर परत पाठवले होते, त्यामुळे हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

उणिवा आहेतच. छापील आहारतक्ता इंग्रजीत असून त्यात ओट्स, सफरचंद आणि पनीर भरलेले आहेत. उपयोगाचे सर्व काही मॅडमनी समासात हाताने मराठीत लिहून दिले. मराठी तक्ता छापणे अवघड नाही आणि तो लवकर व्हावा. आहारतज्ज्ञ आठवड्यातून मोजकेच दिवस येतात, आणि ताकद उतरलेल्या रुग्णाला राजापूर किंवा गुहागरहून केवळ वजन दाखवण्यासाठी एसटीने आणणे हा जाच आहे. पुढच्या भेटी फोनवर झाल्या तर त्यांना मोठा आधार होईल. प्रथिनांची पावडर मात्र इथे कोणाच्या गळ्यात मारत नाहीत. जेवणातून गरज भागत नसेल तरच ती लिहून देतात, आणि कुठल्याही औषधांच्या दुकानातून घ्या असे सांगतात.

वेळ आधी ठरवूनच जावे. सोबत जुन्या वजनाच्या नोंदी, कोलोनोस्कोपी व स्कॅनचे अहवाल, चालू औषधांच्या चिठ्ठ्या आणि मागील आठवड्यात रुग्णाने खरोखर काय खाल्ले याची यादी न्यावी. ही यादी जेवण वाढणाऱ्या व्यक्तीने केलेली असावी, आणि शक्य असल्यास त्या व्यक्तीलाही सोबत न्यावे.