यूकॅट : वसईच्या दृढीकरण वर्गात वर्षभर वापरल्यावर

यूकॅट हे तरुणांसाठीचं कॅथलिक धर्मशिक्षणाचं पुस्तक घ्यावं का, असं विचाराल तर घ्या. पण कुणी ट्रेनमध्ये, ऑफिसात किंवा सोसायटीच्या गेटवर धर्मावरून डिवचलं की फाडकन् तोंडावर मारायला उत्तर मिळेल, या आशेने घेणार असाल तर पैसे वाचवा.

मी वसईतल्या एका धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) दृढीकरण संस्काराची, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणाऱ्या संस्काराची, तयारी करणाऱ्या मुलांना शिकवते. मुलं नववी-दहावीची. रविवारच्या मिस्सानंतर वर्ग असतो, म्हणजे निम्मी झोपेत आणि उरलेली भुकेली. आधी आम्ही छापील नोट्स वापरायचो. त्यात प्रश्न आणि उत्तर पाठ करायचं, की झालं. गेल्या वर्षी फादरांनी यूकॅटच्या काही इंग्रजी प्रती आणून दिल्या आणि म्हणाले, "यातून शिकवून बघा."

ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. २०११ साली माद्रिदच्या जागतिक युवा दिनाच्या निमित्ताने हे पुस्तक तरुणांच्या हाती आलं. मूळ जर्मन, पुढे बऱ्याच भाषांत गेलं. कॅथलिक ख्रिस्तसभेचा मोठा धर्मशिक्षणग्रंथ आहे २,८६५ परिच्छेदांचा. त्याचाच हा तरुणांसाठीचा अवतार, ५२७ प्रश्नोत्तरांत बसवलेला. पिवळंधमक मुखपृष्ठ, आत भरपूर फोटो, समासात संतांची आणि इतरांची वचनं. पानांच्या कोपऱ्यात रेघांचा एक छोटा माणूस आहे, पानं भराभर सोडली की तो हलतो. आमच्या वर्गाने पहिल्या रविवारी तेवढंच पाहिलं.

प्रस्तावना पोप बेनेडिक्ट सोळावे यांची आहे आणि ती वगळू नका. हे पुस्तक तुमची खुशामत करणार नाही, असं ते सरळ सांगतात. संगणकतज्ज्ञाला आपली यंत्रणा जितकी आतून माहीत असते तितकी तुम्हाला आपली श्रद्धा माहीत हवी, असंही म्हणतात. दहावीच्या पोरांना हे वाक्य भिडलं. प्रत्येकाच्या घरात एकतरी आयटीवाला आहेच.

आता कामाचं. विज्ञानाचे प्रश्न पुस्तकाने छान हाताळलेत. उत्क्रांती मान्य करून निर्मात्यावर विश्वास ठेवता येतो का, हा ४२वा प्रश्न, आणि उत्तर स्पष्ट आहे : येतो. शाळेत डार्विन आणि चर्चमध्ये आदाम-एवा, अशी मुलांची जी ओढाताण असते ती अर्ध्या तासात सैल झाली. मी त्यात भर घातली ती जॉर्ज लमेत्र यांची. विश्व प्रसरण पावत आहे हे १९२७ साली मांडणारे आणि पुढे ज्याला महास्फोट म्हणू लागले त्या कल्पनेचे जनक म्हणजे बेल्जियमचे एक कॅथलिक धर्मगुरू, हे आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं. गॅलिलिओचा विषय निघतोच, निघायलाच हवा. १६३३ साली त्यांना दोषी ठरवलं, आणि चूक झाली हे पोप जॉन पॉल दुसरे यांनी जाहीरपणे मान्य केलं ते १९९२ साली. मुलांनी वजाबाकी करून मला आकडा सांगितला.

बायबलमधल्या विसंगतींवरही पुस्तक गुळमुळीत बोलत नाही. बायबल आकाशातून पडलेलं नाही, देवाने शब्द न् शब्द सांगून लिहून घेतलेलं नाही, आणि इतिहासाची वा विज्ञानाची बिनचूक माहिती देणं हा त्याचा हेतू नाही, असं ते म्हणतं. त्याच्या जोरावर मी वर्गात मुद्दाम चारही शुभवर्तमानं उघडायला लावली. येशूच्या रिकाम्या कबरीपाशी मार्कला एक तरुण दिसतो, मत्तयला एक देवदूत, लूकला दोन पुरुष, योहानला दोन देवदूत. येशूला दगा देणाऱ्या यूदाचं मरण मत्तयच्या सत्ताविसाव्या अध्यायात गळफासाने, तर प्रेषितांच्या कृत्यांत पडून पोट फुटल्याने. इंटरनेटवर कुणीतरी हे कधीतरी मुलांच्या तोंडावर फेकणारच. ते आपल्याच वर्गात, आपल्याच हाताने उघडलेलं बरं. मग पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र काढलं. साधारण इ.स. ५५चं, म्हणजे क्रुसानंतर जेमतेम पंचवीस वर्षांचं. पंधराव्या अध्यायात तो पुनरुत्थित ख्रिस्त कुणाकुणाला दिसला त्यांची यादी देतो, आणि पाचशेहून अधिक जणांपैकी बहुतेक अजून हयात आहेत, असं म्हणतो. जा, विचारा, असाच त्याचा सूर. एका मुलाने लगेच हात वर केला : "पण टीचर, त्या पाचशे जणांनी स्वतः काही लिहिलं नाही ना?" नाही लिहिलं. यादी हा भक्कम दुवा आहे, गणितातली सिद्धता नव्हे, आणि तसं मुलांना सांगून टाकलं की ती जास्त ऐकतात.

५१व्या प्रश्नावर मात्र आम्ही अडलो. देव सर्वज्ञ आणि सर्वशक्तिमान असेल तर तो वाईट थांबवत का नाही? पुस्तक थॉमस अक्वायनसचा आधार घेतं : देव वाईटाला वाव देतो तो त्यातून काहीतरी अधिक चांगलं घडवण्यासाठीच. पुढे हे गूढ आहे, क्रुसावरच्या येशूनेही "माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास" असं विचारलं, हेही प्रामाणिकपणे दिलेलं आहे. पण मुलं पहिलं वाक्य वाचतात आणि तिथेच थांबतात. वर्गातल्या एका मुलीचा धाकटा भाऊ आदल्या पावसाळ्यात डेंग्यूने गेला होता. तिने वाक्याखाली पेन्सिलने रेघ मारली, पुस्तक माझ्याकडे फिरवलं आणि म्हणाली, "यातलं चांगलं काय ते मम्मीला कोण सांगणार?"

त्या दिवशी पुस्तक मिटवून बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक काढलं. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र येतात आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसतात. तोवर ठीक चाललेलं असतं. मग ते तोंड उघडतात आणि पुढचे कितीतरी अध्याय देवाची बाजू लढवतात : तुझंच काही चुकलं असेल, देव न्यायी आहे, यात काही शिकवण असेल. शेवटी बेचाळिसाव्या अध्यायात देव कुणावर रागावतो? ईयोबावर नाही, तो तर अख्खं पुस्तकभर देवाला जाब विचारत होता. रागावतो देवाचे वकील झालेल्या मित्रांवर. मुलगी काही बोलली नाही, पण पुढच्या रविवारी आली. धर्मशिक्षण देणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती, ५१वा प्रश्न ईयोबाशिवाय शिकवू नका.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे, आणि ती कळायला मला काही महिने लागले. या पुस्तकाच्या समोर बसलेला माणूस युरोपातला आहे. त्याला देव आहे की नाही याचीच शंका आहे. चर्च त्याच्या आजोबांचं होतं, त्याचं उरलेलं नाही. आमच्या समोरचा माणूस देव मानतो. चतुर्थीला उपास करतो, वारीला जातो, शिर्डीला जातो आणि वांद्र्याला मोतमावलीच्या जत्रेत मेणबत्तीही लावतो. देव आहे का, असं विरार लोकलमध्ये मला आजवर कुणी विचारलेलं नाही. बायकांच्या डब्यात विचारतात ते हे : "ताई, तुम्ही आडनावाच्या आधी कोण होतात?", म्हणजे ख्रिस्ती होण्याआधी कोण. नाहीतर, "सगळे देव एकच ना, मग तुमचाच खरा कसा?" पहिल्या प्रश्नासाठी यूकॅटमध्ये काही नाही. असणार तरी कसं?

तो पाठ मी स्वतः बांधला. १५३४च्या तहाने वसई पोर्तुगिजांकडे गेली. त्यांच्या अमलात देवळं पाडली गेली, जबरदस्ती झाली, आमिषं दाखवली गेली. गोव्यात १५६० ते १८१२ या काळात, मधली थोडी वर्षं सोडली तर, इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, होतं. यातलं काहीही दडवायचं नाही, असा वर्गाचा नियम केला. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली. आमच्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी नेल्या. त्यातली एक आज नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे, एक भीमाशंकरला. पोर्तुगीज गेले, धाक गेला, आमिष गेलं. तरी माणसं ख्रिस्ती राहिली, वाडवळी-सामवेदी बोलत, लुगडं नेसत. दोनशे वर्षं लादलेलं असेल तर पुढची पावणेतीनशे वर्षं कुणी लादलं? हा प्रश्न मी मुलांना विचारते आणि उत्तर देत नाही. काहींना वाटतं, सवय. काहींना वाटतं, श्रद्धा. एकीने "जात" म्हटलं, आणि तेही खोटं नाही. आगरी-वाडवळ-सामवेदी हे भेद आमच्यात अजून लग्नाच्या वेळी बरोबर डोकं वर काढतात.

दुसरा प्रश्न, तुमचाच खरा कसा? इतर धर्मांवर पुस्तकात उत्तर आहे. ते दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५च्या 'नोस्त्रा एताते' या घोषणेवर उभं आहे : इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारत नाही. उत्तर बरोबर आहे, पण अंगाला न लागणारं. ज्या मुलाची आजी दोन गल्ल्या सोडून राहते आणि रोज तुळशीला पाणी घालते, त्याला तिच्याविषयी जाणून घ्यायचं असतं. तेव्हा परिषदेचाच आणखी एक दस्तऐवज, 'लुमेन जेन्टियम'मधला सोळावा परिच्छेद, वाचून दाखवला. स्वतःचा दोष नसताना ज्यांना शुभवर्तमान कळलं नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सद्‌सद्विवेकाप्रमाणे वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. "मग मी आजीला सांगू?" असं पोराने विचारलं. सांग म्हटलं. आजी काय म्हणाली, ते त्याने सांगितलं नाही.

खरं तर हे सगळे आक्षेप मराठीत आधीच घेऊन झालेत, आपल्यापेक्षा कितीतरी तयारीने. १८३१ साली मुंबईत मिशनरी जॉन विल्सन आणि हिंदू धर्माची बाजू मांडणारे मोरभट्ट दांडेकर यांचा जाहीर वाद झाला. १८५७ साली विष्णुबावा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी आठवड्यामागून आठवडे भिडत होते. आणि पंडिता रमाबाई! १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर तिथल्या भगिनींशी (मठातल्या सिस्टरांशी) त्र्यैक्यावरून, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीवरून, आणि ख्रिस्ताच्या देवपणावरून पत्रांतून कडाक्याचे वाद घातले. आपली सद्‌सद्विवेकबुद्धी कुणाच्या हाती सोपवायला त्या तयार नव्हत्या. त्याच बाईंनी पुढे अख्खं बायबल मूळ भाषांवरून मराठीत आणलं. यूकॅटच्या समासात संतांबरोबर रमाबाईही असत्या तर आमच्या मुलींनी पुस्तक घरी नेलं असतं.

त्र्यैक्यावरून आठवलं. ३५वा प्रश्न : आपण एक देव मानतो की तीन? पुस्तकाचं उत्तर नीट आहे. देव एकाकी नाही, तो प्रेमाचं नातं आहे, या अंगाने जातं. पण आमच्या वर्गात तिसऱ्याच मिनिटाला ब्रह्मा-विष्णू-महेश आले. आणि दर वर्षी कुणीतरी शिक्षक पाणी, बर्फ, वाफ सांगून मोकळा होतो. कृपया नको. एकच देव तीन रूपं पालटतो, ही सबेलियसची शिकवण, ती ख्रिस्तसभेने तिसऱ्या शतकातच नाकारली. आपण निष्पाप पोरांना पाखंड शिकवतो आणि वर चॉकलेट देतो. मी त्याऐवजी बंगालच्या ब्रह्मबांधव उपाध्याय यांचं १८९८चं संस्कृत स्तोत्र घेतलं. त्यांनी सत्, चित्, आनंद या आपल्या मातीतल्या शब्दांनी त्र्यैक्याला वंदन केलंय. तुलना पूर्ण जुळते असा दावा नाही, पण पोरांना निदान घरच्या दारातून आत जाता आलं.

बाकी किरकोळ. इंग्रजी सोपं आहे, तरी मराठी माध्यमाच्या मुलांना उत्तराखालचं स्पष्टीकरण जड जातं. मी आधी घरी मराठीत उतरवून नेते आणि सोबत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं सुबोध बायबल ठेवते. नैतिक जीवनाचा तिसरा भाग एका वर्षात संपत नाही, संपवायचा प्रयत्नही करू नका. प्रार्थनेचा चौथा भाग सगळ्यात कमी वाचला जातो आणि माझ्या मते तोच उत्तम आहे. नव्या शिक्षकांनी निदान तो स्वतःपुरता वाचावा.

कुणासाठी आहे? दृढीकरणाचे वर्ग, युवा गट, मिश्र विवाहातली जोडपी, आणि ज्यांना आपणच काय मानतो ते एकदा क्रमाने बघायचंय अशांसाठी. फेसबुकवर भांडणाऱ्यांसाठी नाही. यंदा मी क्रम बदलणार आहे : जूनमध्ये मुलांकडून त्यांना खरोखर विचारले गेलेले प्रश्न चिठ्ठ्यांवर घ्यायचे, निनावी, आणि मग त्यातल्या किती प्रश्नांना पुस्तकात जागा आहे ते मुलांनीच शोधायचं. उरलेले फादरांकडे. त्यांनी होकार दिलाय, फक्त चिठ्ठ्या आधी वाचायला मागितल्यात. देणार नाही.