भाऊजींचा शनिवारचा पेंटिंग क्लास: नाशिकमधल्या दिव्यांग कला वर्गाचा रिव्ह्यू

आधीच सांगते, वर्गाचं नाव टाकत नाहीये. गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत एका हॉलमध्ये भरतो, वीसबावीस जणांच्या वर जागा नाही, आणि मागे कोणीतरी फेसबुकवर टाकलं तेव्हा इतके फोन आले की चालवणाऱ्या मॅडमनी नंतर फोन उचलणंच बंद केलं. ज्यांना खरंच हवंय त्यांनी मेसेज करा, नंबर देते.

तर माझे धाकटे दीर, वय 31, डाउन सिंड्रोम. शाळा होती तोवर काही प्रश्न नव्हता. नाशिकला स्पेशल शाळा काही नवीन नाहीत, रजनीताई लिमयेंनी प्रबोधिनी सुरू केली ती 1977 ला. पण अठरा पूर्ण झाले की पुढे काय हे ज्यांच्या घरात आहे त्यांनाच माहीत. आमच्याकडे पुढे टीव्ही होता. सकाळी टीव्ही, जेवण, झोप, परत टीव्ही, आणि सासूबाईंचं पालुपद, कुठेतरी गुंतला पाहिजे गं हा. मधे एका ठिकाणी पाठवून बघितलं, तिथे पणत्या रंगवायला द्यायचे, म्हणजे पणती ह्यांच्या हातात, ब्रश ताईंच्या हातात, आणि फोटो ह्यांचा. भाऊजी दोन आठवड्यांत कंटाळले, मी एका दिवसात.

त्यामुळे इथे गेले तेव्हा मी एकच गोष्ट बघत होते, ब्रश कोणाच्या हातात आहे. इथे पालकांना हॉलच्या आत बसूच देत नाहीत. बाहेर व्हरांड्यात खुर्च्या टाकल्यात, तिथे बसा नाहीतर मिसळ खाऊन या. सुरुवातीला आयांचा जीव वरखाली होतो, एक काकू तर खिडकीतून ओरडून सांगायच्या, अरे आकाश निळं कर निळं! सर बाहेर आले आणि म्हणाले, काकू, त्याला विचारलं मी, त्याचं आकाश संध्याकाळचं आहे. काकू गप्प. (आता त्याच काकू नवीन आलेल्या पालकांना खिडकीपासून लांब बसवतात.)

सर आर्ट कॉलेजातून शिकलेले आहेत आणि शिकवतात, नुसतं सांभाळत नाहीत. मला तरी हा फरक सगळ्यात मोठा वाटतो. आमच्या भाऊजींना आजवर कोणी कधी "हे जमलं नाही" म्हटलेलं नव्हतं, काहीही केलं की टाळ्या, वा वा, किती छान. सरांनी पहिल्याच महिन्यात एक चित्र बघून सांगितलं, दादा, घाई केलीय तुम्ही, रंग सुकायच्या आत दुसरा फासलाय, सगळं मळलं बघा. भाऊजींचा चेहरा पडला, मला वाटलं आता हे परत यायचे नाहीत. पुढच्या शनिवारी साडेआठलाच चपला घालून दारात उभे, वर्ग दहाचा. आणि हो, सगळ्यांना दादा, ताई, काका असंच बोलतात, बाळ, सोनू, पिल्लू वगैरे अजिबात नाही. तिशीच्या माणसाला बाळ म्हणणाऱ्यांचा मला फार राग येतो.

भाऊजी फक्त एसटी काढतात. लालपरी, निमआराम, सगळ्या. शाळेत बाईंनी फुलं काढ, डोंगर काढ करून थकून सोडून दिलं होतं. इथे सरांनी एसटीच धरली. मग सगळ्यांना घेऊन एकदा सीबीएस स्टँडवर स्केचिंगला गेले, घरून कागद पॅडला क्लिप लावून, आणि भाऊजींनी तिथे अडीच तास मान वर न करता काम केलं. एका बसला चाकंच नव्हती. विचारलं तर म्हणाले, डेपोत काढून ठेवलीत. आता ह्यावर काय बोलणार. ती बस आमच्या घरी हॉलमध्ये फ्रेम करून लावलीय आणि सोसायटीतले लोक विकत मागतात, भाऊजी देत नाहीत.

सोयी कशा आहेत ते नीट लिहिते, कारण पैसे फार लागत नाहीत आणि दुसऱ्या कोणाला वर्ग सुरू करायचा असेल तर उपयोगी पडेल. ज्यांची पकड नीट बसत नाही त्यांच्या ब्रशच्या दांडीला सायकलच्या हँडलची जुनी ग्रिप चढवलीय. कागद टेबलाला चारही बाजूंनी चिकटपट्टीने चिकटवतात म्हणजे एका हाताने काम करणाऱ्याचा कागद सरकत नाही. पाण्याला बसक्या बुडाचे स्टीलचे डबे, कलंडत नाहीत. दोन टेबलांच्या पायाखाली विटा लावून उंची वाढवलीय, व्हीलचेअर बरोब्बर आत जाते. प्रेसमधून रिटायर झालेले एक काका आहेत, नजर जवळजवळ गेलीय, त्यांना चित्राच्या कडेने फेविकॉलची जाड रेघ ओढून सुकवून देतात, बोटाला उंचवटा लागतो मग आत रंग भरतात. आता तर त्यांनी रंग सोडून शाडूचंच काम धरलंय. एका मुलाला ओल्या मातीचा स्पर्श सहन होत नाही, त्याला आधी कोरड्या कापडात गुंडाळलेला गोळा देऊन बघितला, तरी नाही जमलं, तर माती सोडून ठसेकाम दिलं. हट्ट नाही. कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार दिलेत, त्यातले पाचसहा तरी ह्या एका हॉलमध्ये एकावेळी बसलेले असतात, तर एकच पद्धत सगळ्यांना कशी चालेल.

कायद्यावरून आठवलं. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, चकरा मारताना मी 2016 चा दिव्यांग हक्क कायदा वाचून काढला होता, रांगेत दुसरं काय करणार. त्यात कलम 29 आहे, संस्कृती आणि मनोरंजन. दिव्यांग कलाकारांना आणि लेखकांना सोयी आणि आर्थिक पाठबळ, नृत्य, कला वर्ग, शिबिरं ह्यात त्यांना भाग घेता यावा अशी व्यवस्था, हे सगळं सरकारने करायचं असं चक्क लिहिलंय. आणि इथे वर्ग चालतो पालकांच्या महिना 900 रुपयांवर. सामान त्यातच येतं, कॅनव्हास तेवढा आपला. ज्यांना झेपत नाही त्यांच्याकडून घेत नाहीत, कोणाकडून घेत नाहीत ते कळूही देत नाहीत, हे मला आवडलं.

दोन महिन्यांत काढून नेणारे पालक मात्र बरेच बघितले. अजून साधं घर पण काढत नाही, मग उपयोग काय, असं. सर अशा वेळी ज्युडिथ स्कॉटची गोष्ट सांगतात. अमेरिकेतल्या ओकलंडला क्रिएटिव्ह ग्रोथ म्हणून दिव्यांग कलाकारांचा स्टुडिओ आहे, 1974 पासूनचा. ही बाई डाउन सिंड्रोम असलेली, वर ऐकू न येणारी, आयुष्याची पस्तीसएक वर्षं संस्थांमध्ये काढलेली, जुळ्या बहिणीने तिला बाहेर काढलं आणि 1987 ला ह्या स्टुडिओत घातलं. जवळजवळ दोन वर्षं तिने चित्रात काही रस दाखवला नाही. मग सूतकामाचा वर्ग झाला आणि तिने हाताला लागेल ती वस्तू दोऱ्याने, लोकरीने गुंडाळायला सुरुवात केली ती 2005 मध्ये जाईपर्यंत थांबलीच नाही, आज तिची शिल्पं मोठमोठ्या म्युझियममध्ये आहेत. सर पुढे हेही सांगतात की सगळे काही ज्युडिथ स्कॉट होत नसतात, पण दोन वर्षं तरी थांबा. आम्ही थांबलोय.

आता तक्रारी. चित्रकलेला मी पाचपैकी साडेचार देईन, नाटकाला दोन. तो वर्ग वेगळ्या मॅडम घेतात, स्वभावाने चांगल्या आहेत पण नाटक म्हणजे स्पीकरवर रेकॉर्ड केलेले संवाद आणि स्टेजवर मुलं ओठ हलवतायत, विषय झाडे लावा नाहीतर पाणी वाचवा. ज्यांना बोलता येतं त्यांनाही बोलू देत नाहीत, चुकेल म्हणून. अहो चुकू दे ना! नाटककार वसंत कानेटकरांच्या गावात राहतो आपण, प्रेक्षकांना एवढं तर कळतं. 3 डिसेंबरच्या दिव्यांग दिनाच्या कार्यक्रमात तर कहर झाला, पाऊण तास पाहुण्यांची भाषणं, आणि कर्णबधिर मुलं पहिल्या रांगेत बसून पंख्याकडे बघतायत, कारण खुणांची भाषा करणारं कोणी बोलावलंच नव्हतं. कार्यक्रम कोणाचा, समजेना.

दुसरं, विक्री. दिवाळीत कार्डं, पिशव्या विकतात, हिशोब चोख आहे, सामानाचे पैसे वजा करून बाकी थेट त्या त्या कलाकाराच्या बँक खात्यात, पावती त्याच्या नावाची. भाऊजींनी स्वतःच्या पैशातून सासूबाईंना चिवडा आणला, त्या दिवशी घरात काय मिजास होती विचारू नका. पण स्टॉलवर बोर्ड काय, तर "खास मुलांनी बनवलेल्या वस्तू". मुलं? प्रेसवाले काका साठीच्या पुढचे आहेत. मी दोनदा सांगितलं, हो हो करतात, बोर्ड तोच. आणि दयेने घेतलेली पिशवी लोक वापरत नाहीत हो, कपाटात ठेवतात. डिझाइन चांगलंय म्हणून घेतली तर पुढच्या वर्षी परत येतात.

टॉयलेटला पायरी आहे, बार नाहीत, व्हीलचेअरवाल्यांना दोघांची मदत लागते, हॉल भाड्याचा असल्यामुळे तोडफोड करता येत नाही म्हणतात. निदान लाकडी उतार आणि रबरी कपांनी भिंतीला चिकटणारं हँडल तरी लावता येईल.

जायचं असेल तर आधी एक शनिवार नुसतं बघायला या, फी घेत नाहीत. स्वतःचा जुना शर्ट आणा, रंग निघत नाही. रिक्षावाल्याला गल्लीच्या तोंडाशी सोडू नका, आतपर्यंत आणा, पुढे खडी आहे. व्हीलचेअर असेल तर मागच्या गेटने उतार आहे पण त्याला कुलूप असतं, चावी वॉचमनकडे आणि वॉचमन एक वाजता जेवायला जातो, म्हणून निघायचं त्याच्या आत नाहीतर दोनपर्यंत बसा गप्पा मारत.