गरम, तेलकट आणि आंबट पदार्थांसाठी काचेचे डबे: बेळगावातील खरेदी आणि सहा महिन्यांचा वापर

लोणच्याचा जुना प्लॅस्टिकचा डबा रिकामा करून मी तो तीनदा साबणाने आणि एकदा बेसनाने घासला, तरी तळाची केशरी झाक गेली नाही आणि झाकण उघडताच हिंग-मोहरीचा वास येतच राहिला. लोणचे प्लॅस्टिकमध्ये इतके मुरत असेल, तर प्लॅस्टिकमधलेही काही लोणच्यात उतरत असणार, हे तेव्हा मनाला चांगलेच लागले. त्याच आठवड्यात मी गणपत गल्लीतील भांड्यांच्या एका दुकानातून बोरोसिलिकेट, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या काचेच्या तीन डब्यांचा संच आणि स्टीलचे दोन डबे आणले.

दुकानदार काकांनी प्रत्येक डबा उलटा करून तळ पाहू दिला, याचे मला फार बरे वाटले. प्लॅस्टिकच्या तळाशी त्रिकोणात जो अंक असतो तो प्लॅस्टिकचा प्रकार सांगतो: ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, जे घरगुती डब्यांसाठी त्यातल्या त्यात बरे, ३ म्हणजे पीव्हीसी, ज्याला मऊपणा आणण्यासाठी बहुधा थॅलेट नावाची रसायने वापरतात, आणि ७ म्हणजे ‘इतर’, ज्यात बिस्फेनॉल-ए अर्थात बीपीए या, शरीरातील संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करू शकणाऱ्या रसायनापासून बनणारे पॉलिकार्बोनेट हे कडक प्लॅस्टिकही येते. युरोपीय संघाने अन्नाशी संपर्क येणाऱ्या वस्तूंमध्ये बीपीए वापरण्यास डिसेंबर २०२४ मध्ये बंदी घातली. मात्र ‘बीपीए-मुक्त’ एवढ्या शब्दांवर मी विसंबणार नाही, कारण त्याऐवजी काही ठिकाणी बिस्फेनॉल-एस हे त्याचेच भावंड वापरले जाते. ‘मायक्रोवेव्ह सेफ’ या शिक्क्याचा अर्थही मुख्यतः डबा वितळत किंवा वाकत नाही इतकाच घ्यावा.

प्लॅस्टिकमधून पदार्थात रसायने उतरण्याचे प्रमाण उष्णतेने, तेला-तुपाने आणि आंबटपणाने वाढते, शिवाय पदार्थ जितका जास्त काळ डब्यात राहील तितके ते वाढत जाते. आपल्या घरात तर गरम आमटी, तेलाची तर्री आलेला रस्सा, चिंचेचे सार आणि उरलेली कढी हेच डब्यात भरले जाते, म्हणून यांच्यासाठी काच हवीच, असे माझे ठाम मत झाले आहे. बोरोसिलिकेट काच उष्णतेने साध्या काचेच्या सुमारे एक तृतीयांशच प्रसरण पावते, त्यामुळे गरम रस्सा ओतला तरी ती सहसा तडकत नाही; पण फ्रिजमधला डबा थेट गॅसच्या आचेवर ठेवणे तिलाही सोसणार नाही. सहा महिन्यांत एकाही डब्याला ना डाग पडला, ना वास लागला.

उणीव आहे ती झाकणात. काचेच्या डब्याचे झाकण प्लॅस्टिकचेच असते, म्हणून मी पदार्थ झाकणाखाली बोटभर जागा सोडून भरते आणि गरम करताना झाकण काढून ठेवते. कडेच्या सिलिकॉनच्या रिंगेखाली लाल तिखटाचा थर साचतो. चमच्याच्या दांड्याने ती रिंग आठवड्यातून एकदा उचकटून धुवावी लागते. चौथ्या महिन्यात एका झाकणाची खिट्टी तुटली. कंपनीला तीन वेळा कळवूनही उत्तर आले नाही. शेवटी दुकानदार काकांनीच दुसऱ्या संचातले झाकण पैसे न घेता दिले.

हे डबे जड आहेत. मुलांच्या दप्तरात काच देणे मला पटत नाही, म्हणून शाळेचा डबा स्टीलचा. लोणच्यासारखा खारट-आंबट पदार्थ मात्र स्टीलमध्ये महिनोन्‌महिने ठेवू नये, कारण मिठाने स्टीलला बारीक खड्डे पडू शकतात; त्यासाठी चिनी मातीची, आतली चकाकी न तडकलेली बरणीच योग्य. पॉलिप्रॉपिलीनचे घट्ट झाकणाचे डबे मी टाकून दिलेले नाहीत. जुलैत आपल्याकडे पावसाची झड लागली की चुरमुरे आणि पोहे त्यांतच कुरकुरीत राहतात, आणि कोरड्या, थंड जिन्नसांना त्यांची विशेष भीती नाही.

आता कुंदा, ही बेळगावची खव्याची मिठाई, आणायलाही मी यातलाच मधला डबा घेऊन जाते. ताजा, कोमट, तुपाळ कुंदा पातळ प्लॅस्टिकच्या खोक्यात भरून आणणे मला नको वाटते. मिठाईवाले आधी रिकामा डबा तराजूवर ठेवून त्याचे वजन वगळतात आणि मग कुंदा भरून देतात. आतापर्यंत एकदाही कुणी नकार दिलेला नाही.