सलग ऐकण्याच्या तीन ध्वनिमुद्रिका

शास्त्रीय संगीताकडे वळू पाहणाऱ्या कोणी कोठून सुरुवात करावी असे विचारले, तर मी आजही ‘कॉल ऑफ द व्हॅली’ हेच नाव आधी सांगतो. एचएमव्हीने १९६७ मध्ये काढलेल्या या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मा यांचे संतूर, ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार आणि हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी असून तबल्याची साथ माणिकराव पोपटकर यांची आहे. तिन्ही मुख्य वादक त्या वेळी तिशीच्या उंबरठ्यावर होते. काश्मीरच्या खोऱ्यातील एका मेंढपाळाचा दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, त्या त्या प्रहराच्या रागांतून उभा करावा अशी ही कल्पना आहे आणि ती एकाही शब्दाविना पूर्णपणे साधलेली आहे.

या कामामागे एचएमव्हीचे ध्वनिमुद्रण अधिकारी जी. एन. जोशी होते, हे मराठी रसिकांना आवर्जून सांगावेसे वाटते. ना. घ. देशपांडे यांची ‘रानारानात गेली बाई शीळ’ ही कविता ज्यांच्या आवाजात घरोघरी पोहोचली, ते भावगीतगायक जोशी हेच. ज्याने स्वतः तीन मिनिटांच्या तबकडीत एक भाव पुरा मांडून दाखवला होता, त्याला दीर्घ तबकडीत (एलपीत) एक अखंड दिवस मावेल हे सुचावे, यात मला मोठी संगती दिसते.

ही वाद्ये एकत्र का शोभतात, हे ऐकताना ध्यानात घेण्यासारखे आहे. संतूर हे काश्मीरच्या सूफियाना मौसिकी या संगीतप्रकारातले वाद्य. त्याच्या तारांवर कलमांचा, म्हणजे हलक्या लाकडी काड्यांचा, आघात होतो आणि उमटलेला स्वर लगेच विरू लागतो. त्यामुळे एका स्वरातून दुसऱ्यात घसरत जाणारी मींड त्यावर गायकी अंगाने काढता येत नाही आणि याच कारणाने रागसंगीतासाठी ते अपुरे आहे, असा आक्षेप शिवकुमारांना सुरुवातीची कितीतरी वर्षे ऐकावा लागला. काब्रांची गिटार आडवी ठेवून, तारांवर धातूची कांडी सरकवत वाजवली जाते, म्हणजे मींड हाच तिचा प्राण. बासरीकडे श्वास आहे, आणि जोवर श्वास आहे तोवर ती स्वर धरून ठेवू शकते. एकाचे थेंब, दुसऱ्याची घसरण आणि तिसऱ्याचा दीर्घ स्वर अशी ही वाटणी असल्यामुळे कोणी कोणावर कुरघोडी करत नाही. जिथे एका वाद्याची मर्यादा येते, तिथे दुसरे हलकेच पुढे होते. पोपटकरांच्या तबल्यालाही याचे श्रेय दिले पाहिजे, कारण लयकारी, म्हणजे लयीशी खेळण्याचे कसब, दाखवण्याचा मोह टाळून त्यांनी ठेका स्वच्छ आणि मृदू ठेवला आहे. पुढे शिवकुमार आणि हरिप्रसाद ‘शिव-हरी’ म्हणून चित्रपटसंगीतातही गाजले. त्या मानाने अली अकबर खाँ यांचे शिष्य असलेल्या काब्रांचे नाव आज फार थोड्यांच्या ओठी येते. मला तर या ध्वनिमुद्रिकेचा सर्वांत हळवा आवाज त्यांच्या गिटारचाच वाटतो.

आरंभ अहीर भैरवाने होतो आणि पुढे तो नट भैरवाकडे जातो. कोमल, म्हणजे किंचित उतरलेल्या, रिषभाचे (रे या स्वराचे) ते पहाटेचे गांभीर्य ओसरून रिषभ शुद्ध होतो, तेव्हा ऊन चढू लागल्याची जाणीव कोणी न सांगता होते. मग दुपारचा पिलू येतो, कोमल आणि शुद्ध स्वरांशी लडिवाळपणे खेळणारा. येथे मूळ तबकडीची पहिली बाजू संपत असे. दुसऱ्या बाजूवर दहा मात्रांच्या झपतालातील भूप, त्यानंतर देस आणि शेवटी पहाडी आहे. देस थोडक्यात आटोपला आहे आणि तो आणखी थोडा फुलला असता तर बरे झाले असते, असे मला प्रत्येक वेळी वाटते. पहाडी मात्र अगदी जागच्या जागी आहे: लोकधुनीतून आलेला हा राग खोऱ्यातल्या माणसाचा दिवस पुन्हा त्याच्याच मातीकडे नेतो.

ही सारी रचना सुमारे चाळीस मिनिटांची आहे आणि ती तेवढी सलग बसूनच ऐकावी. ऐकण्याच्या सेवांवर गाणी उलटसुलट क्रमाने लावण्याची सोय असते. ती बंद करावी, कारण पहाडीनंतर अहीर भैरव लागला तर दिवसाचा धागाच तुटतो. नंतरच्या सीडी आवृत्तीत मूळ पाच रचनांच्या पुढे आणखी तीन जोडण्यात आल्या आणि अनेक ठिकाणी आता तीच आवृत्ती मिळते. त्या जोड रचना वाईट नाहीत, पण त्यांचे या कथेशी नाते नाही. पहाडी संपला की थांबावे आणि त्या वेगळ्या वेळी ऐकाव्यात.

या ध्वनिमुद्रिकेत कोणताही राग विस्ताराने मांडलेला नाही, अशी जाणकारांची तक्रार असते. ती खरी आहे. परंतु येथे राग हा प्रहराचा रंग म्हणून आला आहे आणि तेवढ्यापुरता तो शुद्ध व सच्चा आहे. ज्यांना यातील भूप ऐकून त्या रागाच्या आत शिरावेसे वाटेल, त्यांनी किशोरी आमोणकर यांच्या एचएमव्हीच्या तबकडीवरील भूप लगेच ऐकावा. त्यात आधी ‘प्रथम सुर साधे’ हा संथ लयीतला विलंबित ख्याल आहे आणि मग ‘सहेला रे, आ मिल गाए’ ही जलद लयीतली द्रुत बंदिश. सहेला रे सर्वांना पाठ असते. विलंबित मात्र पुष्कळजण ओलांडून पुढे जातात, आणि त्यांचे फार मोठे नुकसान होते. मध्यम आणि निषाद (म आणि नी) हे स्वर वर्ज्य असलेला, अवघ्या पाच स्वरांचा हा राग. त्यात लपायला जागा नसते. किशोरीताई गंधारावर ज्या धीराने थांबतात, धैवताला स्पर्श करून ज्या तऱ्हेने परत येतात, ते सारे ऐकून झाले असेल तरच पुढच्या बंदिशीतली मैत्रीची साद खरी उलगडते. एरवी तीच बंदिश केवळ एक गोड चीज म्हणून कानावरून निघून जाते. वीस-पंचवीस मिनिटांच्या मर्यादेत राग इतका भरीव मांडलेला माझ्या ऐकण्यात फार थोड्या ठिकाणी आला आहे.

तिसरी शिफारस वेगळ्या प्रकृतीची आहे, पण क्रमाची अट तिलाही लागू पडते. शिवराज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने १९७४ मध्ये आलेल्या ‘शिवकल्याण राजा’मध्ये हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत आणि लता मंगेशकर यांचा स्वर आहे. समर्थ रामदासांचे ‘निश्चयाचा महामेरू’, कवी भूषणाचे ‘इंद्र जिमि जंभ पर’, सावरकरांचे ‘हे हिंदू नृसिंहा’ आणि कुसुमाग्रजांचे ‘वेडात मराठे वीर दौडले सात’ अशा सतराव्या आणि विसाव्या शतकांतील रचना शेजारी शेजारी असूनही त्या एकाच ग्रंथाची पाने वाटतात, याचे कारण चालींतील शिस्त. कुसुमाग्रजांच्याच ‘सरणार कधी रण’ या रचनेत लताबाईंनी आवाज जो आवरून धरला आहे, त्यातून घायाळ वीराची तगमग गर्जनेपेक्षा कितीतरी अधिक पोहोचते. गीतांना जोडणारे निवेदन बाबासाहेब पुरंदरे यांचे आहे. उत्सवांच्या मंडपांत यातली दोन-तीन गीतेच सुटी लावली जातात आणि निवेदन गळते, त्यामुळे कोणता प्रसंग चालू आहे हे नव्या पिढीतील ऐकणाऱ्याला कळत नाही. म्हणून निवेदनासह असलेली आवृत्तीच मिळवावी आणि घरातील मुलांना ती पहिल्या गीतापासून ऐकवावी.