कोथरूडमधलं वाचा-उपचार केंद्र: तपासणी चोख, गृहपाठ कच्चा

सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठीचं केंद्र. आधी कान, मग तोंड, हा क्रम इथे पाळतात. ऑडिओमेट्रीबरोबर (किती ऐकू येतं याची चाचणी) टिंपॅनोमेट्रीही (कानाचा पडदा आणि मधला कान यांची तपासणी) करून आणायला सांगतात, ते योग्यच. सर्दीनंतर मधल्या कानात पाणी साठलं की मुलाला कमी ऐकू येतं आणि शाळेच्या वहीत शेरा पडतो ‘लक्ष नसते’.

उच्चार आणि भाषा वेगवेगळ्या तपासतात. ‘काळ’ला ‘काल’ म्हणणं हा उच्चाराचा प्रश्न. ‘दप्तर ठेव, मग निळी वही आण’ ऐकून कुठलीतरी वही आणणं, गोष्ट सांगताना ‘ते मग तिथे ते झालं’वर अडकणं, हा भाषेचा. हा दुसरा प्रकार सहज निसटतो, कारण मूल बोलतं तर खणखणीत! इंग्रजी माध्यमातल्या मुलाचीही चाचणी मराठीत घेतात. नुसती इंग्रजीत घेतली तर नसलेला दोष दिसू शकतो.

‘ळ’ आधी सुटा, मग ‘अळा’, ‘बाळ’, वाक्य, शेवटी गप्पा, अशा पायऱ्या. गडबड इथेच आहे. कार्डांवरचे दहापैकी आठ शब्द जमले की आवाज ‘पक्का’ धरून पुढे जातात. गप्पांत तो पुन्हा ‘ल’वर घसरतो. घरी रोज दहा मिनिटं नेमकं काय करून घ्यायचं, हे आठवड्याच्या एका झेरॉक्सवरून पालकांनी ओळखायचं.

शिक्षकांसाठीची चिठ्ठी मात्र उत्तम: पुढचा बाक, एका वेळी एकच सूचना, तोंडी परीक्षेत जास्त वेळ. थेरपिस्टचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक दर्शनी भिंतीवर आहे. पार्किंगचं विचारू नका.